शौचकूपातील चिवट डाग

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या शाळेतील, धर्मशाळेतील अथवा घरातील शौचकूपाचे निरीक्षण केल्यास दोन गोष्टी बहुधा दृष्टीस पडतात. भांड्यात साचलेल्या पाण्याच्या पातळीलगत एक भुरकट कडे असते, आणि टाकीतील पाणी ज्या बाजूने उतरते तेथे एकदोन उभ्या रेघा असतात. साबण, धुण्याचा सोडा, राख यांपैकी कशालाही ते कडे दाद देत नाही. आपण त्यास मळ समजतो आणि मळावरचे उपाय करीत राहतो. वस्तुतः तो दगड आहे, आणि हे म्हणणे अलंकारिक नाही.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा मातीतील कार्बन डायॉक्साइड वायू त्यात विरघळतो व पाण्यास किंचित आम्लता येते. असे पाणी चुनखडकातून झिरपले की तेथील कॅल्शियम कार्बोनेटाचे कॅल्शियम बायकार्बोनेटात रूपांतर करून ते आपल्याबरोबर घेऊन जाते. चुनखडक नसलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची खनिजे असतात. त्यामुळे तेथील कूपनलिकांचे पाणीही पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. व्यवहारात यालाच आपण जड पाणी म्हणतो. हे पाणी पुन्हा हवेत उघडे पडले की त्यातील वायू निघून जातो, काही पाण्याची वाफ होते, आणि विरघळलेले कार्बोनेट घन रूपाने मागे राहते. आंध्र प्रदेशातील बोरा गुहांत छतापासून लोंबणारे व जमिनीतून वर आलेले जे स्तंभ प्रवासी कौतुकाने पाहतात, ते याच क्रियेने हजारो वर्षांत घडले आहेत. न्हाणीघरातील बंबाच्या आतला पांढरा थर त्याच जातीचा. शौचकूपातील कडेही त्याच जातीचे. गुहेत त्यास सौंदर्य म्हणतात, एवढाच काय तो फरक!

पिण्याच्या पाण्याविषयीच्या २०१२ सालच्या भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा दुष्फेनपणा, कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबाने, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा, आपल्या पाण्यात तो ४०० मिलिग्रॅम आहे. तर असे एक लिटर पाणी पूर्ण आटल्यावर सुमारे अर्धा ग्रॅम दगड मागे राहील. ही रक्कम क्षुल्लक वाटते खरी. पण टाकीची झडप गळत असेल आणि सेकंदाला एक थेंब उतरत असेल, तर दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी त्याच एका वाटेने ओघळते. त्याचा थोडासा अंश जरी भांड्याच्या भिंतीवर सुकला, तरी वर्षभरात तेथे नखाने न निघणारा थर बसण्यास अडचण पडत नाही.

सगळेच डाग चुन्याचे मात्र नसतात. तांबूस किंवा विटकरी डाग लोहाचा असतो. भूगर्भातील पाण्यात विरघळलेले लोह रंगहीन असते. हवेतील प्राणवायू लाभताच त्याचे गंजासारखे अविद्राव्य संयुग बनते. काळपट डागात पुष्कळदा मँगनीज असते. मूत्रालयांच्या भांड्यांत आणखी एक प्रकार आढळतो : मूत्रातील यूरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया बनतो, त्यायोगे द्रव अल्कधर्मी होतो, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची फॉस्फेटे पिवळसर कवचासारखी साचतात. शाळांच्या मूत्रालयांना येणारी ती न जाणारी दुर्गंधी या सच्छिद्र कवचात मुरलेली असते. वर कितीही फिनेल ओतले तरी कवच असेपर्यंत ती जात नाही.

आता निवारणाचा विचार करू. चुनखडीवर आम्ल ओतले की ती फसफसते आणि तिच्यातून एक निराळा वायू निघतो, या क्रियेचा तराजू हाती घेऊन पद्धतशीर अभ्यास स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने केला व १७५६ मध्ये तो प्रसिद्ध केला. डाग कशाचा आहे याची परीक्षाही तीच. लिंबाचा रस किंवा शिरका डागावर टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे. आल्यास तो कार्बोनेटाचा. हिशेब सांगावयाचा तर १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळविण्यास ७३ ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागते आणि सुमारे २४ लिटर कार्बन डायॉक्साइड मुक्त होतो. येथे एक गोष्ट ध्यानात येईल. आम्ल डागास केवळ स्पर्श करून भागत नाही. थर जितका जाड, तितके आम्ल खर्च व्हावे लागते, आणि त्यास वेळही द्यावा लागतो. ओतले, घासले आणि लगेच पाणी सोडले, तर बहुतेक आम्ल गटारात जाते व दगड जागच्या जागी राहतो.

बाजारात मिळणाऱ्या शौचकूपाच्या द्रवांपैकी पुष्कळांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते, व उभ्या भिंतीवरून ते चटकन ओघळू नये म्हणून त्यास मुद्दाम दाट केलेले असते. सुटे विकले जाणारे तीव्र आम्ल सुमारे ३० टक्क्यांचे असते, आणि ते पाण्यासारखे पातळ असल्याने भिंतीवर टिकत नाही. म्हणजे धोका तिप्पट आणि उपयोग मात्र तितका नाही. चिनी मातीच्या भांड्यावरील झिलई काचेच्या जातीची असते, तिला या आम्लाने सहसा इजा होत नाही. पण भांड्याभोवतीचे सिमेंट, नळांचा मुलामा आणि फरशी यांचे तसे नाही. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या तिन्ही फरश्या चुनखडकाच्याच आहेत, संगमरवरही त्याच कुळातला. भांड्यातील चुनखडी घालविण्यासाठी ओतलेले आम्ल बाहेर सांडले, तर ते पायांखालची चुनखडीही तितक्याच निष्ठेने खाते.

घरगुती कामासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, अधिक बरे. त्याची वाफ नाकास झोंबत नाही, आणि लोहाशी त्याचे विद्राव्य संयुग बनत असल्याने तांबूस डागही त्याने सैल होतात. आधी टाकीचा नळ बंद करावा. भांड्यातील पाणी मगाने वा फडक्याने उपसून काढावे, कारण साचलेल्या पाण्यात मिसळलेले आम्ल इतके पातळ होते की त्याचा उपयोग राहत नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या भिजवाव्यात व त्या कड्यावर चिकटवून रात्रभर राहू द्याव्यात. सकाळी पट्ट्या काढून नायलॉनच्या ब्रशाने घासावे. कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून पांढरी भुकटी दिसेल. ती ब्रशाने निघते. जाड थरास दोनतीन रात्री लागतात. उकळते पाणी वापरू नये, त्याने भांडे तडकण्याचा संभव असतो. काही लोक गंजाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक आम्ल सुचवितात. लोहावर ते उत्तम चालते. तथापि चुन्याशी त्याचे अविद्राव्य ऑक्झॅलेट बनते, म्हणून चुन्याचा थर आधी गेला नसेल तर त्याचा परिणाम उलटाच व्हावयाचा. शिवाय ते पोटात गेल्यास मूत्रपिंडांना घातक विष आहे.

खरवडण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण विटेचा तुकडा आणि वाळू ही आपली परंपरागत शस्त्रे आहेत. चुनखडीच्या स्फटिकाचे काठिण्य खनिजशास्त्रातील मापनश्रेणीत ३ आहे, वाळूतील गारेचे ७. दगड निघतो, पण बरोबर झिलईही ओरखडली जाते. आणि ओरखडलेल्या पृष्ठावर पुढचा थर अधिक लवकर व अधिक घट्ट बसतो. आम्लाने सैल झालेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सुटतो. त्याहून कठीण काही वापरण्याची गरज पडत नाही.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. आम्लाने काम झाले नाही म्हणून त्यावरच विरंजक चूर्ण किंवा विरंजक द्रव टाकण्याची चूक पुष्कळ लोक करतात. एक औषध चांगले, तर दोन अधिक चांगली, असा त्यामागचा भाबडा तर्क असतो. विरंजक चूर्ण जंतू मारते व सेंद्रिय रंग घालविते, पण चुन्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. लोहाचा डाग तर त्याने अधिक पक्का होऊ शकतो, कारण ते प्राणिलीकरण घडविणारे द्रव्य आहे. आणि आम्लाशी गाठ पडताच त्यातून क्लोरीन वायू सुटतो. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ मध्ये हा वायू प्रथम मिळविला तोही हायड्रोक्लोरिक आम्लाचे प्राणिलीकरण करूनच. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथील रणभूमीवर हाच वायू सोडण्यात आला होता. आपल्या न्हाणीघरात तो मग आणि ब्रश यांच्या साहाय्याने तयार होऊ शकतो.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. आपल्याकडे शौचकूप घासणारी व्यक्ती बहुधा उकिडवी बसलेली असते, खोली चार फूट लांबीरुंदीची असते, झरोका डोक्याच्या वर असतो, आणि शिंतोडे बाहेर उडू नयेत म्हणून दार लोटलेले असते. तिचे नाक नेमके त्या थरात असते. पाहुणे यावयाचे किंवा तपासणी व्हावयाची असली म्हणजे मुख्याध्यापक शिपायास सांगतात, 'हवे ते टाक, पण चकचकीत कर'. ही आज्ञा देताना कपाटात कोणत्या दोन बाटल्या शेजारी शेजारी आहेत हे आधी पाहणे आज्ञा देणाऱ्याचे काम होय. ती पाळणाऱ्यास बहुधा कोणी काही शिकविलेले नसते.

तेव्हा ज्या दिवशी आम्ल वापरावयाचे त्या दिवशी विरंजक वापरू नये. टाकीत ठेवावयाच्या काही वड्यांतूनही क्लोरीनयुक्त द्रव्य पाझरत असते. तशी वडी असल्यास ती काढून पाणी चारपाच वेळा सोडावे व मगच आम्लास हात घालावा. मूत्रालयात विरंजक टाकतानाही आधी भरपूर पाणी ओतावे, कारण अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे दाहक वायू निघतात. घासताना दार उघडे ठेवावे, रबरी हातमोजे घालावेत, डोळे जपावेत. इतकी काळजी घेऊनही घशास झोंबणारा उग्र वास आलाच, तर सर्व तेथेच टाकून बाहेर पडावे. दार उघडे राहू द्यावे आणि 'पाणी सोडून येतो' म्हणून पुन्हा आत जाऊ नये. त्या क्षणी बरे वाटले तरी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याचा विकार काही तासांनी उद्भवू शकतो.

सुट्या तीव्र आम्लाच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले ते स्त्रियांवरील आम्लहल्ल्यांच्या संदर्भात. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवण्याची अट त्यात आहे. तरीही लेबल नसलेल्या, एके काळी सरबताच्या असलेल्या बाटल्यांतून आम्ल घरोघर ठेवलेले असते. मुले असलेल्या घरात त्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही.

डाग एकदा गेल्यावर तो पुन्हा लवकर बसू नये यासाठी आठवड्यातून एकदा मूठभर लिंबूसत्त्व भांड्यात टाकून तासभर ठेवले तरी पुष्कळ काम होते. थर पातळ असतानाच तो विरतो. टाकी गळते की नाही हेही पाहावे. रात्री टाकीच्या पाण्यात थोडी निळी शाई घालावी आणि अर्ध्या तासाने, मध्यंतरी पाणी न सोडता, भांड्यात डोकवावे. पाण्यास निळी झाक आली असेल, तर टाकीच्या झडपेखालची रबरी चकती झिजलेली आहे, ती बदलावी. भांड्याच्या मागच्या भिंतीवरील उभी पांढरी रेघ बहुधा त्या चकतीचीच असते.