घोंगडीला कसर लागू नये म्हणून

आमच्या परभणीत थंडी थोडे दिवस. उरलेलं वर्ष घोंगडी, स्वेटर ट्रंकेतच. कसरीला हेच हवं. कापड खाते ती पतंगाची अळी, पतंग नव्हे. तिला लोकर-रेशीम लागतं, त्यावर घामाचे, तेलाचे डाग असले तर आणखीच. म्हणून धुतल्याशिवाय मी काही ठेवत नाही. मे महिन्यात इथला पारा ४० अंश ओलांडतो, तेव्हा घोंगडी गच्चीवर झटकून दिवसभर उलटसुलट तापवते. अंडी, अळ्या मरतात. पैठणी मात्र सावलीतच, घडी बदलून. वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवते, पण नुसत्या त्यावर विसंबत नाही. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत कधीच ठेवू नका: नॅफ्थलीनच्या वाफेनं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.