पावसाचा नकाशा कसा वाचावा

हवामान खातं रोज जिल्ह्यांचा नकाशा काढतं. त्यात आधी आपला जिल्हा शोधावा, मग रंग पाहावा. हिरवा म्हणजे इशारा नाही. पण म्हणून पाऊसच नाही, असं आम्ही म्हणणार नाही! हलकी सर हिरव्यातही येते, अन् खळ्यावरचं सोयाबीन भिजायला तेवढी पुरे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. विजांसाठीही पिवळा देतात. तेव्हा रंगाबरोबरची खूण वाचावीच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला, की खातं त्याला मुसळधार म्हणतं. रंग मात्र अख्ख्या जिल्ह्याला एकच. शेजारच्या गावी ओढा भरेल, आपल्याकडे ऊन असेल. तेवढ्यावरून नकाशा खोटा ठरवू नये. परवाचा रंग उद्या बदलतो. सकाळी पुन्हा बघावा.