सांबरासाठी गाडी थांबत नाही

गेल्या उन्हाळ्यात एका जंगलात सकाळच्या फेरीला गेलो होतो. वळणावर, रस्त्यापासून दहा हातांवर, सांबराची मादी पिल्लाला चाटत उभी होती. थांबा म्हटलं. "सांबरच आहे, साहेब. वाघाची चाहूल लागून कॉल दिला तर थांबू," म्हणत चालकाने गिअर बदलला. मागच्या बाकावरून कुणी काही बोललं नाही. ते मनाला लागलं.

जंगलाचा इतिहास म्हणून इंग्रज साहेबांच्या शिकारी, 1972 चा वन्यजीव कायदा, 1973 चा व्याघ्र प्रकल्प हे सगळं वाचलंय, पण त्यात जीव रमला नाही. माझं सांबर नव्वदच्या दशकातलं, नागझिरा अभयारण्यातलं. तिथे तेव्हा वीज नव्हती. बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचे.

एका वर्षी मध्यरात्रीनंतर नर आला. शिंगं नुकतीच गळलेली, त्या जागी मखमली कोंब. चार पावलं टाकायचा, थांबायचा, कान फिरवायचा. पाण्याशी यायला त्याला अर्धा तास लागला असेल. गुडघाभर पाण्यात शिरून प्यायला लागला, तेव्हा ओठांवरून निथळणारे थेंब वर ऐकू येत होते. मग मान वर झाली, शेपटी ताठ झाली, पुढचा खूर दाणकन आपटला आणि "ढाँक!" छातीत धडकी भरली. शेजारच्या सोबत्याने आधीच बजावलं होतं, "वाघ आला तरच उठव." तो झोपेतच राहिला. त्याच्यावरचा तो राग अजून गेलेला नाही, कारण आता सगळी सफारीच त्याच्यासारखी झाली आहे.

18 जून 2025 ला वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली गेले. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात त्यांनी पाखरं, झाडं, रानकुत्री सगळ्यांकडे सारख्याच मायेने पाहिलं. ती नजर आता कुठे शोधायची?

सांबर हे दक्षिण आशियातलं सर्वांत मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोंच्याही पुढे जातो. वाघाच्या मुख्य भक्ष्यांपैकी ते एक. तरीही आपल्या लेखी सांबर म्हणजे वाघाची वर्दी. मांसासाठी, शिंगांसाठी शिकार होत राहिली, रान आक्रसत गेलं, आणि 2008 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला 'असुरक्षित' ठरवलं.

पुढच्या खेपेला जंगलात गेलात आणि सांबर दिसलं, तर गाडी थांबवायला सांगा. इंजिनही बंद करायला लावा.