करणीची भीती आणि परमेश्वराचा आधार

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील माणसाला भय नवे नाही. मोहफुले वेचायला जाताना वाघाचे भय असते, पावसाळ्यात नदीनाल्यांच्या पुराचे असते. सुमारे चार दशके बंदुकीचेही भय होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा एक ज्येष्ठ नेता भूपती याने आपल्या अनेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि ते भय ओसरू लागले. परंतु आणखी एक भय अजूनही घराघरांत दबा धरून बसलेले आहे. ते म्हणजे शेजाऱ्याने अथवा नातलगाने आपल्यावर ‘करणी’ केली असावी, हे भय.

हे भय किती घातक ठरू शकते, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले. २१ ऑगस्ट २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी या गावी भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण करण्यात आली. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्धही होते. १ मे २०२४ रोजी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना मारहाण करून जाळून ठार करण्यात आले. पोलिसांनी १५ जणांना अटक केली. हे कोणी बाहेरून आलेले मारेकरी नव्हते. रोज एकमेकांच्या अंगणावरून जाणारी ही माणसे होती.

असे का घडते? आपल्या भागातील काही आजार खरोखरच गूढ वाटावेत असे आहेत. हिवताप मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्णाला झटके येतात, तो असंबद्ध बोलू लागतो. मण्यार रात्री झोपेत चावते. कित्येकदा वेदना नसते, दंशाची खूणही दिसत नाही, आणि पहाटे धडधाकट माणूस दगावतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून मुलांत उतरतो, त्यामुळे एकाच घरात दुखणी येत राहतात. कारण दिसत नाही, तेव्हा दुःखी मन ‘हे कोणी केले?’ असे विचारते. मग मांत्रिक एखादे नाव सुचवतो. ते नाव बहुधा एकाकी विधवेचे, वृद्धाचे अथवा ज्याच्याशी जमिनीचा वाद आहे अशा माणसाचे असते.

नेमका हाच प्रश्न शिष्यांनी प्रभू येशूला विचारला होता. जन्मांधाला पाहून, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे, असे त्यांनी विचारले. प्रभूने कोणालाच दोषी ठरवले नाही. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. ‘कोणी केले?’ या प्रश्नापासून ‘याला बरे कसे करता येईल?’ या प्रश्नाकडे वळणे, हीच श्रद्धेची वाट होय. ख्रिस्तसभेची शिकवणही स्पष्ट आहे: जादूटोणा करणे, भविष्य पाहणे, संरक्षणासाठी ताईत-गंडे बांधणे हे एका परमेश्वरावरील श्रद्धेशी विसंगत आहे. रविवारी मिस्सेला यावे आणि सोमवारी उतारा टाकावा, हे दोन्ही एका हृदयात नांदू शकत नाही.

परंतु ज्याच्यावर संशय घेतला जातो, त्याचे काय? त्याचे भय काल्पनिक नाही. त्याने हे लक्षात ठेवावे की खुद्द प्रभूवरही असाच आरोप झाला होता. तो बालजबूलाच्या साहाय्याने भुते काढतो, असे शास्त्री म्हणाले होते. खोट्या आरोपाची वेदना आपल्या प्रभूने स्वतः भोगली आहे. गथ येथे पलिष्ट्यांच्या हाती सापडलेल्या दाविदाच्या नावे असलेल्या छप्पन्नाव्या स्तोत्रातही आपण भ्यालो, हे लपवलेले नाही. भ्यालेल्या अवस्थेतच त्याने परमेश्वराचा आधार घेतला. भय वाटणे म्हणजे अविश्वास नव्हे.

विश्वास ठेवणे म्हणजे मार खात उभे राहणेही नव्हे. नासरेथकरांनी कड्यावरून लोटायला नेले तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला. दिमिष्कात संत पौलाला शिष्यांनी रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. त्या पाटीची दोरी धरणारे हात हेच त्या रात्री परमेश्वराचे साहाय्य होते. आज ती दोरी कायद्याचीही आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे कठीण करणे, त्याला मारहाण करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी असून गुन्हा अजामीनपात्र आहे.

हे केवळ ‘मागासलेल्यांचे’ पाप आहे, असे कोणी समजू नये. ख्रिस्ती युरोपातही चेटकीण म्हणून हजारो निरपराध्यांना जाळण्यात आले. तेथे फ्रीडरिश श्पे या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३१ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की छळ करून घेतलेली कबुली काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने काही गोष्टी ठरवाव्यात. ताप आला की प्रथम रक्ततपासणी करावी. सर्पदंश झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. प्रार्थना अवश्य करावी, पण तिच्यासाठी औषध थांबवू नये. कोणाचे नाव कुजबुजीत घेतले जाऊ लागले, तर ती कुजबुज आपल्या ओट्यावर थांबवावी. गावात बैठक बसली, तर पोलीस पाटलाला कळवावे, ११२ क्रमांकावर संपर्क साधावा आणि त्या रात्री संशयिताला आपल्या घरी आसरा द्यावा. भ्यालेला माणूस परमेश्वराचा धावा करतो, तेव्हा परमेश्वर अनेकदा शेजाऱ्याला पाठवतो. तो शेजारी होण्याची आपली तयारी आहे काय, हे प्रत्येकाने प्रार्थनेत स्वतःला विचारावे.