पुन्हा कामाला जाताना

संसारात अशी वेळ येते की चालते काम सोडावे लागते. घरात कोणी आजारी पडते. मूल लहान असते. कधी कारखानाच बंद पडतो. सन १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले कितीतरी कामगार असेच गावी परतले.

मग पाच-दहा वर्षे निघून जातात. पुन्हा कामाला जावेसे वाटते. अर्ज करतो. पण मुलाखतीचे बोलावणे आले की छातीत धडधडते. "इतकी वर्षे घरी होतात, आता जमेल का?" असे विचारले तर काय सांगायचे?

ही धास्ती तयारीने कमी होते. तहान लागल्यावर विहीर खणू नये. तयारी कशी करायची ते पाहू.

समजा, एक बाई आहे. तिने वसतिगृहात सहा वर्षे स्वयंपाक केला. सासू अंथरुणाला खिळली म्हणून काम सोडले. त्याला आठ वर्षे झाली. आता तालुक्याच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली आहे. आठ दिवसांनी मुलाखत आहे. तिने काय करावे?

कागद गोळा करा

आधार कार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक आणि जुन्या कामाचा दाखला एका पिशवीत ठेवावा. जुन्या कामाचा दाखला नसेल तर तिथे जाऊन मागावा. मागायला लाजू नये. भीड भिकेची बहीण.

सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का, ते स्वतः वाचून पाहावे. एकावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर सासरचे, असे पुष्कळदा होते. तसे असेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला बरोबर न्यावा. मुलाखतीत झेरॉक्स द्यावी. अस्सल कागद दाखवावा आणि परत घ्यावा.

जुन्या कामावर पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का? असेल तर त्याचा नंबर शोधून ठेवावा. पेन्शनचा पैसा काढून घेतला नसेल आणि नव्या कामावरही निधी कापला जाणार असेल, तर दोन्हीकडची वर्षे जोडून धरता येतात. अशी दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळते. या बाईची सहा भरली आहेत. राहिली चारच! मधली आठ वर्षे मोजली जात नाहीत, पण आधीची सहा वायाही जात नाहीत.

काम आठवा, नवे शिका

मुलाखत घेणारे कामाचेच विचारतात. "चाळीस मुलांना तांदूळ किती लागेल?" याचा हिशेब तोंडी यावा.

शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे एका जेवणाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. म्हणजे ४० मुलांना ६ किलो तांदूळ आणि १ किलो २०० ग्रॅम डाळ. वसतिगृहाचे प्रमाण वेगळे असेल, पण हिशेबाची रीत हीच.

आठ वर्षांत काय बदलले तेही पाहावे. एखाद्या वसतिगृहात काम करणाऱ्या बाईला भेटावे. गॅसची मोठी शेगडी कशी पेटवतात, सामानाची नोंद वहीत कशी करतात, ते विचारून घ्यावे. अन्न शिजवणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. तो माहीत असावा.

खरे सांगा, थोडक्यात सांगा

मधल्या वर्षांबद्दल विचारतीलच. तेव्हा मान खाली घालू नका. खोटेही सांगू नका.

"इतकी वर्षे काय करत होतात?"

"काही नाही, साहेब. घरीच होते."

असे उत्तर देऊ नये. घरी होतो म्हणजे काही केले नाही, असे थोडेच आहे? असे सांगावे:

"सासूबाई आजारी होत्या, साहेब. त्यांचं सगळं मीच केलं. पथ्याचा स्वयंपाक शिकले. आता घरची अडचण नाही. मी रोज वेळेवर येईन."

एवढे पुरे. रडगाणे नको, फुशारकीही नको. हे उत्तर घरच्या माणसापुढे चार वेळा म्हणून पाहावे.

तुम्हीही विचारा

पगार किती? तो बँकेत जमा होतो का? कामाची वेळ कोणती? सुट्टी किती? निधी कापतात का? हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

मात्र "पैसे दे, जागा मिळवून देतो," असे कोणी म्हटले तर त्याला दारातच उभे करू नका. केंद्र सरकारच्या शिपायासारख्या लहान जागांना तर १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. मग तिथली मुलाखत जमवून देणारा लुबाडणाराच!

मुलाखतीच्या दिवशी पहिली एसटी पकडा. स्वच्छ धुतलेले कपडे घाला. नखे कापा. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगाल का?" असे विचारा. जिथे सही करायची तो कागद आधी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. अंगठा पुढे करू नका.

एक जागा मिळाली नाही तरी तयारी फुकट जात नाही. तोच हिशेब, तेच कागद आणि तेच उत्तर पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडते.

करून पाहा : तुम्ही आजवर कोणकोणती कामे केली, ती किती वर्षे केली आणि त्यांतून काय शिकलात, ते वहीत दहा ओळींत लिहा. घरची कामेही त्यात धरा.