गुढी, काठी आणि चैत्राची तिथि

चैत्र शुद्ध प्रतिपदेस वेळूच्या काठीवर वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी व पालथा गडू चढवून आमच्या सदाशिव पेठेंत गुढ्या उभ्या राहतात. मूळ विचारल्यास बहुधा शालिवाहनाच्या विजयाची कथा ऐकूं येते. शककालाचा आरंभ इ. स. ७८ चा खरा. परंतु तेवढ्यानें गुढी सिद्ध होत नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत उपरिचर वसूनें इंद्रदत्त वेळूची यष्टि वर्ष सरतांच भूमींत रोवून गंध, माळा व भूषणें यांनीं शृंगारिली असें आहे. साम्य विलक्षण खरें. आम्हीही वर्गांत बरींच वर्षें हेंच मूळ म्हणून सांगत आलों. पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत हा इंद्रध्वज भाद्रपदांतला आहे. काठी जुळते, तिथि जुळत नाहीं.

शब्दाचीही तीच गत. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) चौथ्या अध्यायांत देव अवतार घेऊन सज्जनांकरवीं सुखाची गुढी उभवितो. चोखोबांची गुढी पंढरीच्या वाटेवरची. दोहोंकडे ती हर्षाची खूण आहे, चैत्राचा मागमूस नाहीं.

तेव्हां काठी, शब्द व तिथि यांची गांठ कधीं पडली हें पाहण्यास पोथ्यांइतकेच घरखर्चाचे कागद हवेत. पाडव्याच्या मितीस वेळू, खण, गाठी यांपैकीं काय खर्चीं पडलें आहे तें तपासावें. संग्राहक पोथी उचलतात आणि त्याच रुमालांतील चिटोरे रद्दींत जातात! निदान मितीसकट त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या.