प्लॅस्टिक तोडणारं एन्झाइम तापतं कशासाठी?

प्लॅस्टिक खाणाऱ्या एन्झाइमची बातमी आली की अनेकांना वाटतं, आता कचरा डेपोवर फवारा मारला की झालं. तसं होणार नाही. 2020 मध्ये तुलूझचे संशोधक आणि कार्बिओस या फ्रेंच कंपनीने ‘नेचर’मध्ये जे एन्झाइम मांडलं, ते बंद टाकीत, 72 अंश सेल्सियसला काम करतं. त्याआधी पीईटी या प्लॅस्टिकच्या बाटल्या वितळवून, झटकन थंड करून त्यांची भुकटी करावी लागते. मग मात्र दहा तासांत किमान 90 टक्के प्लॅस्टिकचे मूळ घटक सुटे होतात आणि त्यांतून नवी बाटली बनवता येते.

एवढं तापवायचं कारण पीईटीमध्येच आहे. त्याच्या लांब साखळ्या सत्तर अंशांच्या आसपास सैलावतात, तेव्हा कुठे एन्झाइमला शिरकाव मिळतो. पण जितकं गरम तितकं वेगवान, हे गणितही चुकीचं. आणखी तापवलं की त्याच साखळ्या शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनतात आणि तिथे एन्झाइमचं फारसं चालत नाही.

उष्णतेने एन्झाइम ‘मरतं’ असं सर्रास म्हटलं जातं. ते जिवंत नसतंच. तो प्रथिनाचा रेणू असतो. तापला की त्याची घडी उलगडते आणि जिथे काम चालतं ती खाच मोडते. अंडं उकडताना पांढऱ्यातल्या प्रथिनांचं हेच होतं.

उष्णतेतही टिकणारी अशी चिवट एन्झाइम फक्त गरम पाण्याच्या झऱ्यांतच मिळतात, हा समज टॅक पॉलिमरेज या एन्झाइममुळे रुजला असावा. ते ज्या जीवाणूतलं, तो यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडला होता. आपल्या एन्झाइमचा जनुक मात्र जपानमधल्या पानाफांद्यांच्या कंपोस्ट खतातला आहे. तो कोणत्या जीवाचा, हे न कळताही खतातल्या डीएनएमधून तो थेट उचलला गेला.

आणि चिवटपणा वाढवायला सगळा रेणू नव्याने घडवावा लागत नाही. सुमारे अडीचशे अमिनो आम्लांपैकी फक्त चार बदलली. या एन्झाइमला कॅल्शियम मिळालं की ते जास्त टिकत होतं, पण टाकीत वेगळं कॅल्शियम ओतणं संशोधकांना नको होतं. म्हणून कॅल्शियम जिथे बसतं, त्याच जागी त्यांनी सिस्टीन नावाची दोन अमिनो आम्लं घातली. त्यांच्यातल्या गंधकाच्या अणूंनी एकमेकांना पकडलं आणि तिथे कायमचा टाका पडला. मूळ रेणूची घडी 84.7 अंशांना उलगडायची, सुधारलेल्याची 94 अंशांना. टाक्याने कामाचा वेग थोडा उतरला होता. प्लॅस्टिक धरणाऱ्या खाचेतल्या बदलांनी तो भरून काढला. मला या कामातलं सगळ्यांत देखणं पाऊल हेच वाटतं.

कारण चिवट एन्झाइम मंदच असणार, हा समज अभ्यासकांमध्येही बराच काळ होता. 2018 च्या नोबेल मानकरी फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने 1998 मध्येच त्याला उत्तर दिलं होतं. यादृच्छिक बदल आणि निवड पिढ्यान्‌पिढ्या करत त्यांनी एस्टरेज प्रकारच्या एका एन्झाइमची उष्णता सोसण्याची शक्ती 14 अंशांनी वाढवली. कमी तापमानातलं त्याचं काम तरीही घटलं नाही.